तेवीस जण घर बघून गेले, फोन एकाचाही नाही

(ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदललेत आणि पत्र बरंच छोटं केलंय.)

पुण्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 64. सहकारनगर भागात 1996 साली घेतलेला टू बीएचके, दुसरा मजला, बिल्डिंगला लिफ्ट नाही. दोन वर्षांपूर्वी मिस्टर गेले. मुलगी नाशिकला, मुलगा अमेरिकेत. मुलगी म्हणते, आई एकटी राहू नकोस, फ्लॅट विक आणि इकडे ये. आठ महिन्यांत तेवीस जण घर बघून गेले. सगळे "छान ठेवलंय हो घर, कळवतो" म्हणतात आणि गायब. एजंट म्हणतो किचन आणि बाथरूम नवीन करून घ्या, सहा लाखात होईल, नाहीतर भाव आठ लाखाने खाली आणा. शेजारच्या वहिनी म्हणतात दार दक्षिणेला आहे म्हणून अडतंय. ताई लिहितात, "मी रोज पुसून लख्ख ठेवते, आलेल्या प्रत्येकाला चहा विचारते, ओल आहे तिथं कपाट लावून घेतलंय, ह्यांच्या खोलीचं दार लोटून ठेवते म्हणजे पसारा दिसत नाही. फ्लॅट अजून ह्यांच्याच नावावर आहे पण सोसायटीत नॉमिनेशन माझं आहे त्यामुळे तो प्रश्न नाही. मग घराचं चुकतंय काय?" आणि शेवटी ता.क.: हॉलमधला झोपाळा घराबरोबर द्यावा की न्यावा?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, भाव जास्त लावला असेल. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि ज्या गोष्टी तुम्ही जाता जाता लिहून टाकल्यात ना, कपाट, लोटलेलं दार, नावाचं ते एक वाक्य, त्यांच्याखाली रेघा मारत गेले. त्या रेघांवरच बोलणार आहे.

आधी एक गोष्ट. तेवीस जण येऊन गेले म्हणजे घरात काहीतरी दोष आहे असं तुम्ही धरून चाललाय. मला उलटं वाटतं. भाव ज्याला झेपत नाही तो फोनवरच "बघतो" म्हणून ठेवून देतो, ज्याच्या आईचे गुडघे दुखतात तो लिफ्ट नाही ऐकल्यावर येतच नाही. हे तेवीस जण भाव माहीत असून, जिने माहीत असून, रविवारची झोप मोडून दोन मजले चढून आले. म्हणजे बाहेरच्या गोष्टी त्यांना चालत होत्या. जे काही होतंय ते दाराच्या आत, त्या पंधरा-वीस मिनिटांत होतंय.

आणि त्या पंधरा मिनिटांत माणूस घर बघतच नाही हो, म्हणजे बघू शकत नाही. भिंतीतली पाइप दिसत नाही, स्लॅबमधलं लोखंड दिसत नाही, सोसायटीतली भांडणं दिसत नाहीत, कागदपत्रं तर नाहीच नाही. आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च करायला निघालेला माणूस, आणि हातात तपासायला काय, तर एक नळ, दोन बटणं आणि एक दार. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय करणार. त्यामुळे टपकणारा नळ त्याच्या दृष्टीने पाच-दहा रुपयांच्या वॉशरचा प्रश्न राहत नाही. समोर दिसणारा नळ ज्यांनी दुरुस्त केला नाही त्यांनी गच्चीचं वॉटरप्रूफिंग काय केलं असणार, असा तो हिशोब चालतो. चुकीचा असेल हिशोब, पण चालतो. तुम्हीसुद्धा मुलीसाठी नाशिकला फ्लॅट बघायला गेलात तर हेच कराल.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मार खाऊन सांगतेय. डोंबिवलीचं आमचं जुनं घर विकायचं होतं तेव्हा पाहुणे यायच्या आधी मी सगळ्या खोल्यांमध्ये रूम फ्रेशनरचा असा काही फवारा मारला की आलेल्या बाईंनी उंबऱ्यातच थांबून विचारलं, "काही वास येतो का एरवी?" वास येतच नव्हता! मीच तो प्रश्न विकत आणला. त्या आत आल्या, प्रत्येक खोलीत नाक वर करून उभ्या राहिल्या आणि गेल्या.

वासाचं सांगते कारण स्वतःच्या घराचा वास स्वतःला येत नाही, हे अगदी खरं आहे. डांबरगोळ्या, फोडणीचा हिंग, माळ्यावरचे जुने पेपर, ओल्या चादरी, सगळं मिळून आपल्या नाकाला ते 'घर' वाटतं. एखाद्या मैत्रिणीला, जी खोटं बोलत नाही अशा मैत्रिणीला, दारातून आत घ्या आणि पहिला श्वास घेतल्यावर काय आलं ते विचारा. पत्रात लिहिलंय की मागचं बाथरूम तुम्ही वापरत नाही. मग तिथं हमखास वास असणार, आणि त्याचं कारण घाण नाही. नहाणीच्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं आणि त्या पाण्यामुळेच ड्रेनेजचा वास वर येत नाही. बाथरूम महिनाभर कोरडं पडलं की ते पाणी उडून जातं आणि मग गटाराचा वास आणि झुरळं दोन्ही थेट घरात. तुम्ही फिनेल ओतत असाल, आणि फिनेलचा घमघमाट आला की परत तोच प्रश्न, काय झाकताय. दोन दिवसातून एक बादली साधं पाणी ओता, बास.

लख्ख पुसता म्हणालात ते मला पटलं, पण पुसणं वेगळं आणि पाहुण्याच्या डोळ्याने बघणं वेगळं. एकदा चप्पल घालून जिन्यात जा, दार लोटा आणि परक्यासारख्या आत या. बेल वाजते का, का "जरा जोरात दाबा" म्हणावं लागतं? कडी एका झटक्यात लागते का दार उचलून लावावं लागतं? पॅसेजमधला दिवा लावा, बटणाच्या भोवती भिंतीवर हातांचा काळपट गोल झालाय का बघा. तीस वर्षं त्या एकाच जागी हात गेलाय, तुम्हाला तो दिसतच नसणार. किचनमध्ये एक्झॉस्ट फॅनच्या खाली तेलाचा ओघळ. पंखा पाचावर ठेवूनही रेंगाळत फिरतोय का, तसं असेल तर बहुतेक वेळा पंखा गेलेला नसतो, कंडेन्सर गेलेला असतो, इलेक्ट्रिशियन दहा मिनिटांत बदलतो. ट्यूब उडत उडत लागते का. खिडकीची काच सरकते का, का मध्येच अडकते आणि तुम्ही "तिला जरा युक्ती आहे" म्हणता. ही 'युक्ती' फार वाईट हं ताई. आपल्याला आपल्या घराच्या सगळ्या युक्त्या पाठ असतात आणि आपण त्या कौतुकाने सांगतो, पण घेणाऱ्याला त्यात दुरुस्तीची यादी ऐकू येते.

आणि कबुतरं. पुण्यात राहून कबुतरांबद्दल लिहिलं नाही तर कसं चालेल. मागची गॅलरी आणि डक्टची खिडकी बघा, तिथं विष्ठेचा थर असेल तर लहान मुलं असलेलं जोडपं गॅलरीचं दार उघडून लगेच बंद करतं आणि विषय संपतो. साफ करताना कोरडं झाडू नका, आधी पाणी मारून भिजवा, तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीला चांगली नाही. शक्यतो माणूस लावूनच करून घ्या, मग जाळी बसवा.

ह्यातलं एकही काम सहा लाखाचं नाही. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन, एक सुतार, प्रत्येकी अर्धा दिवस. एजंटला किचन आणि बाथरूम नवं हवंय कारण फोटो चांगले येतात. पण 1996 चा फ्लॅट घेणारा माणूस घेतल्यावर ट्रॉल्या आणि टाइल्स स्वतःच्या आवडीने फोडून बदलणारच असतो, बहुतेक जण तेवढा खर्च मनात धरूनच येतात. तुम्ही सहा लाख घालून बसवलेली मरून रंगाची ट्रॉली त्याच्या बायकोला आवडली नाही तर तो सहा लाख तुम्हाला देणार नाही, वर तोडायचा खर्च मनात धरेल. म्हणून नवीन काही करू नका. जे आहे ते चालू करा. रंगाचं म्हणाल तर फक्त हॉल, आणि तोही पांढरट.

आता कपाट. ताई, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. ओल असलेल्या भिंतीला गोदरेजचं कपाट लावून तुम्हाला वाटलं झाकलं गेलं, पण घर बघायला येणाऱ्यांमध्ये एक तरी काका किंवा मेहुणा असा असतो जो कपाटाच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारतो. त्याला तिथं लोणा लागलेली भिंत आणि पापुद्रे दिसले की तो तुम्हाला काही बोलत नाही, खाली गेल्यावर स्कूटर चालू करताना बोलतो. मग तुमच्या घरातली प्रत्येक खरी गोष्टही खोटी ठरते. ओल असणं माफ असतं हो, जुन्या पुणेरी बिल्डिंगीत ओल नाही असं घर दाखवा. लपवलेली ओल माफ नसते. आणि हे नुसतं सभ्यपणाचं नाही, 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 असं सांगतं की घरात किंवा मालकीत असा मोठा दोष, जो विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण बघून कळणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा. म्हणजे व्यवहार झाल्यावर ते कपाट हललं की वाद तुमच्या दारात.

तर कपाट आधी हलवा. ती भिंत कुठल्या बाजूची आहे बघा. तुम्ही 'ह्यांच्या खोलीतली' लिहिलंय आणि मागचं बाथरूम त्या खोलीला लागून आहे, पण ते बंदच असतं म्हणता, मग पाणी वरच्या मजल्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येत असण्याची शक्यता जास्त. वरच्यांच्या बाथरूमच्या सांध्यांमधून येत असेल तर त्यांच्याशी आणि सोसायटीशी लेखी बोलायला लागेल. बाहेरून असेल तर पावसाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्यात वाळतं, त्यावरून कळेल. पाणी यायचं थांबवल्याशिवाय रंग लावू नका, ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की पहिल्या पावसात फुगे येतात. कारण काढून दुरुस्त केलंत तर बिल जपून ठेवा आणि आलेल्याला स्वतःहून दाखवा, इथं ओल होती, अमुक महिन्यात हे काम केलं, हे बिल. नसेल जमत दुरुस्ती तरी सांगा. मी असे व्यवहार पाहिलेत जिथं मालकाने स्वतःहून ओल दाखवली म्हणून घेणाऱ्याचा बाकी सगळ्यावर विश्वास बसला, आणि दुरुस्तीचे चाळीस-पन्नास हजार वजा होऊन व्यवहार झाला. आठ लाख नाही.

ते लोटलेलं दार पण उघडावं लागणार. मला कळतंय ती खोली का बंद आहे. पण विचार करा, माणूस टू बीएचके बघायला आलाय आणि त्यातली एक बेडरूम त्याला दाराच्या फटीतून दिसतेय. त्याच्या मनात तुमच्या मिस्टरांची पुस्तकं येत नाहीत, आत काय असेल हेच येतं, आणि जे दिसत नाही ते माणूस नेहमी वाईटच धरतो. काही लोक तर दबक्या आवाजात जिन्यात विचारतात, आत काही झालं होतं का. कुणीतरी शेजारी "हो, दोन वर्षांपूर्वी ते गेले" एवढंच सांगतो आणि गोष्ट तयार. हारातला फोटो समोर हॉलमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंय. मी काढा म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण तो फोटो तुमच्याबरोबर नाशिकला जाणारच आहे ना, मग तो आधी जाऊ दे. मुलगी पुढच्या वेळी येईल तेव्हा फोटो, त्यांची पुस्तकं, जे काही ठेवायचंय ते एका गाडीत तिच्याकडे पाठवा. तिच्या घरात त्यांची एक भिंत आधी होऊ दे, मग तुम्ही जा. ही खोली आवरायचं काम एकटीने करू नका आणि एका दिवसात तर मुळीच नको.

आता चहा. तुम्हाला वाईट वाटेल पण चहा बंद करा. आपल्याकडे ज्याच्या घरचा चहा प्यायलो त्याच्या घरातला नळ पिळून बघायला लाज वाटते. हातात कपबशी घेऊन कुणी सिंकखालचं दार उघडत नाही, फ्लश ओढून बघत नाही, नवराबायको एकमेकांकडे बघून "बेड इथं मावेल का गं" बोलत नाहीत. ते सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसतात, तुमच्या मुलाचं अमेरिकेतलं गाव विचारतात, ह्यांनी ह्या फरश्या कशा निवडून आणल्या ते ऐकतात, भारावून जातात आणि निघतात. तेवीस जण तुमच्याकडे आले होते, फ्लॅट बघायला कुणी आलंच नाही, असं झालंय ते. "छान ठेवलंय हो घर" हे वाक्य पाहुणे म्हणतात. घ्यायचं असलेला माणूस म्हणतो "पार्किंग कव्हर्ड आहे का, पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती". ह्यातलं कुणी विचारलं होतं का, आठवून बघा.

म्हणून दार उघडा, खिडक्या-पडदे उघडे ठेवा, सगळे दिवे लावा, पाणी विचारा, एकदा सगळ्या खोल्या दाखवा आणि मग "तुम्ही बघा निवांत, मी खाली कट्ट्यावर आहे" म्हणून दहा मिनिटं खाली जा. एकटीने परक्यांना घरात सोडायची भीती वाटत असेल, आणि वाटणं बरोबर आहे, तर एजंटला किंवा भाच्याला थांबवा, दागिने-पैसे आधीच कुलपात. स्वतः गॅलरीत जाऊन बसलात तरी चालेल. मुद्दा एवढाच की त्यांना कुजबुजायला जागा मिळू दे. वेळही तुम्ही ठरवा, "कधीही या" नको. तुमच्या हॉलला सकाळचं ऊन येतं म्हणता तर सकाळी दहालाच बोलवा, संध्याकाळी सातला ट्यूबच्या उजेडात तीच खोली निम्मी वाटते.

आता नावाचं. तुम्ही लिहिलंय "तो प्रश्न नाही". ताई, मला तर तोच प्रश्न वाटतो. नळ, कबुतरं, चहा सगळं एका बाजूला. घ्यायच्या बेतात आलेला माणूस शेवटी विचारतो, "पेपर्स क्लिअर आहेत ना, फ्लॅट कुणाच्या नावावर?" आणि तुम्ही म्हणता, "अजून ह्यांच्या नावावर आहे, पण होऊन जाईल". तिथं तो गेला! कारण त्याला लोन काढायचंय आणि बँकेचा वकील पहिलं हेच बघणार.

नॉमिनी म्हणजे मालक नाही, ही गोष्ट आपल्याकडे निम्म्या घरांत माहीत नसते. नॉमिनेशनमुळे सोसायटी तुम्हाला तात्पुरतं सभासद करून घेते, पण मालकी वारसांची असते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमचा, मुलाचा आणि मुलीचा सारखा हिस्सा, आणि मिस्टर गेले तेव्हा सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे आज हा फ्लॅट तुम्ही एकट्या विकूच शकत नाही, मुलं कितीही गुणी असली तरी. दोन रस्ते आहेत. एक, मुलं त्यांचा हिस्सा तुमच्या नावे सोडतील असं हक्कसोडपत्र करून ते दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर करायचं, मग तुम्ही एकट्या विकणार. दुसरा, खरेदीखतावर सगळ्यांनीच विकणारे म्हणून सही करायची आणि पैसे हिश्शाने. कुठला सोयीचा ते वकिलाला आणि सीएला विचारून ठरवा, कारण टॅक्स कुणी किती भरायचा हेही त्यावरच ठरतं. दोन्हीत मुलाची सही लागणार. तो येऊ शकत नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन बहिणीच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी करून पाठवेल, ती इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायची असते, हे लक्षात ठेवा, बरेच जण ती कपाटात ठेवून विसरतात. मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी, तेही शोधा, ह्याच बंद खोलीत असेल कदाचित.

हे झालं की एक फाइल करा. मूळ करारनामा, इंडेक्स टू (म्हणजे नोंदणीचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला), मेंटेनन्सची शेवटची पावती, महापालिकेचं टॅक्स बिल, लाइट बिल, ओलीच्या कामाचं बिल. झेरॉक्स करून टीपॉयवर ठेवा, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं, ते झालंय का हे सेक्रेटरींना विचारून ठेवा कारण हल्ली सगळे विचारतात, आणि रिडेव्हलपमेंटचं काही चाललं असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये जेवढं ठरलंय तेवढंच सांगा, "होणारच आहे" असं तोंडी गाजर नको.

जाहिरातीतले 920 स्क्वेअर फूट मला पटत नाहीत. त्या काळच्या करारात बहुतेक बिल्टअप (भिंतींची जाडी धरून) नाहीतर सुपर बिल्टअप (जिन्या-पॅसेजचा वाटाही धरून) लिहायचे, आता रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियम घालणाऱ्या कायद्यानंतर लोक कार्पेट, म्हणजे भिंतीच्या आतलं क्षेत्रफळ विचारतात. माणूस 920 डोक्यात घेऊन येतो, खोल्या बघतो, त्याला साडेसहाशे वाटतात, तो मनातल्या मनात भागाकार करतो आणि तुम्ही फसवताय असं धरतो. टेप घेऊन भाच्याकडून भिंतीच्या आतलं माप काढून घ्या आणि तेच लिहा. फोन कमी येतील, येऊ देत.

वहिनींच्या दक्षिणेचंही तसंच. वास्तू मानणारे लोक दारात उभं राहून मोबाइलमधलं होकायंत्र काढतात, त्यांची समजूत कुणी काढू शकलेलं नाही. जाहिरातीतच 'दक्षिणमुखी दार' लिहून टाका, त्यांचेही जिने वाचतील आणि तुमचेही. दार फोडून दुसरीकडे नेऊ नका आणि पिरॅमिड वगैरे लावून बसू नका.

भाव कमी करायचा का? करावाही लागेल कदाचित, पण आत्ता नाही. शंका आहेत तोवर भाव उतरवला तर शंका वाढतात, स्वस्त का देताय म्हणून. आधी कागद, मग ओल, मग नळ-दिवे, आणि त्यानंतर दहा जणांनी बघून पार्किंग-मेंटेनन्सचे प्रश्न विचारूनही कुणी आकडा बोललं नाही तर भाव जास्त आहे असं समजा. तुमच्याच बिल्डिंगीत किंवा शेजारी गेल्या वर्षात काय भावाने रजिस्ट्रेशन झालं ते इंडेक्स टू काढून कळतं, एजंटच्या तोंडच्या आकड्यापेक्षा ते बघा. आणि पितृपक्षात कुणी टोकन देत नाही, तेव्हा गप्प बसा, कागदांची कामं करा. दसरा-दिवाळीला लोक बाहेर पडतात.

एक विचारू? पत्रात "मुलगी म्हणते" चार वेळा आहे आणि "मला जायचंय" एकदाही नाही. घर आणि तुम्ही दोघीही तयार नसाल तर ते आलेल्याला जाणवतं, तुम्ही कितीही लख्ख पुसा. बंद दार, समोरचा फोटो, चहा, फरश्यांची गोष्ट, मला तर वाटतं तुम्ही त्या तेवीस जणांना ह्यांना भेटवत होतात. त्यात गैर काही नाही, पण तसं असेल तर घाई कशाची आहे? नावाचं काम तसंही तीन-चार महिने खाईल. तेवढे महिने नाशिकला राहून बघा, मधून मधून इथं या. तिथं करमलं तर मग जाहिरात. नाही करमलं तर परत या, घर कुठं जात नाही. भाड्याने द्यायचाही पर्याय आहे, लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करून, पण मालक स्वतः राहतो म्हणून पुणे महापालिकेच्या मिळकत करात (घरपट्टीत) 40 टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिल्यावर जाते, आणि ओल काढल्याशिवाय भाडेकरूही टिकायचा नाही. शिवाय नावाचं काम कुठल्याही रस्त्याला चुकत नाही, विका, भाड्याने द्या किंवा राहा. ते उद्याच सुरू करा. घर बंद ठेवून गेलात तर शेजारच्या वहिनींकडे किल्ली द्या आणि दोन्ही नहाण्यांमध्ये आठवड्याला पाणी ओतायला सांगा.

राहिला झोपाळा. जाहिरातीत त्याचा उल्लेख नको आणि भावात तर धरूच नका. मुलीच्या फ्लॅटमध्ये स्लॅबला कड्या बसवू देतात का ते आधी तिला विचारा, बऱ्याच नवीन सोसायट्यांमध्ये परवानगी लागते. बसत असतील तर नि:शंक घेऊन जा. नसतील तर ज्याचं टोकन येईल त्याला विचारा, लहान मुलं असलेल्या घरात कुणी नको म्हणत नाही. करकरतो म्हणालात, तर कड्यांमध्ये दोन थेंब मशीनचं तेल सोडा, खोबरेल नको, ते चिकट होतं आणि धूळ धरतं.